सशाच्या आतड्यातला पुरावा

डिसेंबर १८८३ मध्ये रॉबर्ट कोख आपलं जर्मन पथक घेऊन कोलकात्यात दाखल झाले. त्याआधी पटकीच्या साथीचा माग काढत ते इजिप्तमध्ये होते. पण तिथली साथ ओसरली आणि काम अर्धवट राहिलं. अलेक्झांड्रियात त्याच कामासाठी आलेल्या फ्रेंच पथकातला लुई थ्युलिए हा तरुण शास्त्रज्ञ तर पटकीनेच गेला. कोलकात्यात मात्र पटकी कायमची वस्तीला होती. रोग्यांचा मल, शवविच्छेदनात मिळालेली आतडी, तळ्यांचं पाणी यांतून कोख यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा वाकडा जिवाणू वेगळा केला आणि १८८४ च्या फेब्रुवारीत तोच पटकीचं कारण असल्याचं जर्मनीला कळवलं.

एक गोष्ट त्यांना साधली नाही. एखादा जिवाणू रोगाचं कारण आहे असं म्हणायचं, तर तो निरोगी प्राण्याला देऊन तोच रोग उभा करून दाखवायला हवा, अशी कोख यांची स्वतःचीच अट होती. बर्लिनहून बरोबर नेलेले उंदीर, मग माकडं, मांजरं, कुत्री, कोंबड्या, कुणालाही पटकी होईना. पुढे त्यांनी गिनिपिगच्या जठरातलं आम्ल सोड्याने मारलं, अफूच्या अर्काने आतड्याची हालचाल थोपवली आणि मग जिवाणू पाजले. गिनिपिग मेले, त्यांच्या आतड्यांत पाणी साठलेलंही दिसलं. पण माणसाला होतात तसे तांदळाच्या धुवणासारखे जुलाब त्यांना झाले नाहीत.

तरीही १८८४ च्या जुलैत बर्लिनच्या परिषदेत कोख यांनी एक तर्क मांडला. हा जिवाणू रक्तात सापडत नाही, आतड्यातच राहतो; तेव्हा तिथे तो एखादं खास विष सोडत असावा आणि सगळा अनर्थ त्या विषाचा असावा. तर्क बरोबर होता. तो सिद्ध व्हायला पंचाहत्तर वर्षं लागली. एवढा काळ का लागला, हे समजून घेताना पटकीच्या जोडीने मेंढ्यांचा एक आजार पाहावा लागतो, आणि त्या दोघांमधला फरक मला या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटतो.

विष शोधायची रीत तेव्हा नुकतीच बसत होती. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये एमिल रू आणि अलेक्सांद्र येरसँ यांनी घटसर्पाचे जिवाणू वाढवलेलं द्रव बारीक गाळणीतून गाळलं, जिवाणूविरहित पाणी प्राण्याला टोचलं आणि रोग उभा केला. धनुर्वाताचंही तसंच निघालं. मग पटकीच्या जिवाणूवर हाच प्रयोग जागोजागी झाला. शिरेत टोच, पोटाच्या पोकळीत टोच, कातडीखाली टोच. हाती काही ठोस लागेना. १८९२ मध्ये कोख यांच्याच संस्थेतल्या रिचर्ड फायफर यांना आढळलं की या जिवाणूंची मेलेली शरीरंच गिनिपिगच्या पोटाच्या पोकळीत टोचली तर जनावर मरतं. म्हणजे विष बाहेर सोडलेलं नाही, जिवाणूच्या अंगातच आहे आणि तो फुटल्यावर मोकळं होतं. फायफर यांचा शोध खराच होता, वैद्यकाच्या दृष्टीने मोठाही होता. पण त्या विषाने होणारं मरण आणि पटकीचं मरण ही दोन वेगळी मरणं आहेत, याकडे पुढची साठ वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही.

या साठ वर्षांत माणसं मरतच होती. पंढरपूरच्या यात्रेतून परतणाऱ्यांबरोबर पटकी गावोगाव पोचे, असे उल्लेख एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी कागदपत्रांत आहेत. गावकुसाबाहेर मरीआईला नैवेद्य जाई. कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून मिठाचं पाणी चढवून मृत्यूचं प्रमाण बरंच खाली आणलं. एवढं पाणी अंगातून जातं कसं, याचं उत्तर मात्र चुकीचंच चालत राहिलं. शवविच्छेदनात आतड्याचं अस्तर सोलवटून निघालेलं दिसे. त्यावरून पुस्तकांत लिहिलं जाई की भाजलेल्या कातडीसारखं उघडं पडलेलं आतडं पाझरतं. १९२३ मध्ये फिलिपिन्समध्ये अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी मृत्यूनंतर लगेच तपासणी करून दाखवलं की अस्तर शाबूत असतं, ते सोलवटतं मेल्यानंतर. त्यांच्या म्हणण्याकडेही दुर्लक्ष झालं.

आता मेंढ्यांकडे.

स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात नवजात कोकरं रक्ती हगवणीने पटापट मरत. एकदा हा रोग वाड्यावर आला की दरवर्षी वाढत जाई. १९२० च्या दशकात थॉमस डॅलिंग या पशुवैद्याने त्यामागचा जिवाणू शोधला. हवा नसलेल्या जागी वाढणारा, विष सोडणारा हा जिवाणू आज क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स म्हणून ओळखला जातो. इंग्लंडच्या दक्षिणेला केंटमधल्या रॉम्नी मार्शच्या कुरणांवर मोठ्या मेंढ्या अचानक कोसळत. मॅक्युएन आणि रॉबर्ट्स यांनी १९३१ मध्ये त्यावर निबंध लिहिला, आणि अन्नमार्गात तयार झालेल्या जिवाणूच्या विषाने हा रोग होतो, ही गोष्ट थेट शीर्षकातच घातली. पुढच्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियात हॅरल्ड बेनेट्स यांनी तिथल्या मेंढ्यांच्या अशाच आजाराचा उलगडा केला.

हाच आपल्याकडचा आंत्रविषार. पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर तुटून पडलेल्या किंवा कापणी झालेल्या शेतात धान्य भरपूर खाल्लेल्या मेंढरांत तो उठतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर लस टोचून घ्यायला पशुवैद्य सांगतात. यातला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग असा की कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू आधी जातं. संध्याकाळी ठणठणीत, सकाळी मेलेलं. यामागचं कारण पुढे नीट कळलं. हा जिवाणू थोड्या संख्येने निरोगी मेंढीच्या आतड्यातही असतो आणि सहसा त्रास देत नाही. पण खाणं एकदम वाढलं की पिठूळ पदार्थ न पचता लहान आतड्यापर्यंत पोचतात, त्यावर जिवाणू बेसुमार वाढतात आणि विष सोडतात. हे विष जिवाणू सोडतो तेव्हा निष्क्रिय असतं. मेंढीचा स्वतःचाच पाचकरस त्याला जागं करतो. मग ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतं, रक्तवाहिन्या नासवतं आणि मेंदूपर्यंत जातं. जास्त खाणाऱ्या कोकराला जास्त विष मिळतं, इतका हा सरळ हिशेब आहे.

निदानाची पद्धतही सोपी होती. मेलेल्या मेंढीच्या आतड्यातलं पाणी काढायचं, निवळ करायचं, उंदराच्या शिरेत टोचायचं. उंदीर मेला, तर तेच पाणी विविध प्रतिविषांत मिसळून पुन्हा टोचायचं. ज्या प्रतिविषाने उंदीर वाचला त्यावरून विषाचा प्रकार ठरायचा. १९३० च्या आसपास पशुवैद्यक इथपर्यंत आलेलं होतं. आतड्यातला जिवाणू, आतड्यात तयार झालेलं विष, त्यावरची लस, सगळं हाताशी होतं. माणसाच्या पटकीबाबत मात्र वैद्यक अजून फायफरच्या तर्काभोवती फिरत होतं.

फरक विषाच्या वाटेत होता. मेंढीचं विष रक्तात उतरून मारतं, म्हणून ते उंदराच्या रक्तात टोचलं की पकडता येतं. पटकीचं विष आतड्याच्या अस्तराला आतल्या बाजूने चिकटतं आणि तिथेच आपलं काम करतं. आंत्रविषाराची जी कसोटी इतकी चोख ठरली, तीच पटकीला लावली की विष असूनही दिसत नसे. जनावर मेलंच तर फायफरच्या विषाने मरे आणि संशोधक पुन्हा चुकीच्या रस्त्याला लागे.

शंभूनाथ डे यांचा जन्म १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी गावचा. घरची स्थिती बेताची होती. शिष्यवृत्तीवर आणि आप्तेष्टांच्या मदतीवर ते कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९३९ मध्ये डॉक्टर झाले. मग विकृतिशास्त्राकडे वळले. १९४७ मध्ये लंडनला रॉय कॅमरन यांच्या हाताखाली गेले आणि १९४९ मध्ये पीएचडी घेऊन परतले. तिथला विषय पटकीचा नव्हताच. डोक्यात पाणी साठण्याच्या विकारावर त्यांनी काम केलं होतं. परतल्यावर सियालदहच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात त्यांनी पटकी हातात घेतली, आणि त्याचं कारण त्या रुग्णालयाच्या खाटांवरच पडलेलं होतं.

डे यांनी कोखपासूनची सगळी निष्फळ धडपड वाचली आणि प्रश्नच वेगळा धरला. जिवाणू माणसाच्या रक्तात शिरत नाही. मग जनावराच्या रक्तात तो टोचायचा कशासाठी? तो जिथे असतो, आतड्याच्या पोकळीत, तिथेच ठेवून पाहावा. सशाला जिवाणू पाजले तर जठरातलं आम्ल त्यांना मारतं, त्यातून सुटलेल्यांना आतड्याची हालचाल पुढे ढकलून देते. यावर त्यांनी काढलेला उपाय असा: सशाचं पोट उघडायचं, लहान आतड्याच्या साधारण चार इंचांच्या तुकड्याला दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने गाठ मारायची, त्या बंद वेढ्यात पटकीच्या जिवाणूचं द्रव सुईने सोडायचं, पोट शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं.

दुसऱ्या दिवशी तो वेढा पाण्याने तट्ट फुगलेला असे. त्याच सशाच्या शेजारच्या वेढ्यात नुसतं जिवाणूविरहित द्रव सोडलं तर तो रिकामा, चपटा राही. एकाच प्राण्याच्या पोटात प्रयोग आणि त्याची पडताळणी दोन्ही. रक्ताचा भेद नाही, वयाचा नाही, खाण्याचा नाही. टीकाकाराला पळवाट उरू नये अशी ही मांडणी होती. चटर्जी यांच्यासह लिहिलेला हा निबंध १९५३ मध्ये छापून आला. पाणी का साठतं याचं डे यांनी तेव्हा दिलेलं स्पष्टीकरण, की आतड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या जास्त पाझरू लागतात, पुढे बदलावं लागलं. प्रयोग मात्र टिकला.

व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो यांनी १९१५ मध्ये अशाच तऱ्हेने सशाचं आतडं बांधून पाहिलं होतं. त्यांच्या छोट्या टिपणाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही आणि ते विस्मरणात गेलं. डे यांचं यश युक्तीपुरतं नव्हतं. ते त्या वेढ्याला पुढे प्रश्न विचारत राहिले.

त्यातला मोठा प्रश्न होता विषाचा. १९५५ मध्ये डे कोलकाता मेडिकल कॉलेजात विभागप्रमुख म्हणून आले. तिथे त्यांनी पटकीचे जिवाणू वाढवले, द्रव गाळून जिवाणू पार काढून टाकले आणि उरलेलं पाणी सशाच्या बांधलेल्या वेढ्यात सोडलं. वेढा फुगला. एकही जिवाणू आत नसताना पटकीचं पाणी आतड्यात उतरलं. ३० मे १९५९ च्या ‘नेचर’मध्ये हा निबंध आला, जेमतेम पान-दीड पानाचा. कोखचा तर्क कोलकात्यातच सिद्ध झाला.

त्याच वर्षी तेच सत्य मुंबईतही हाती आलं, आणि हा भाग मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं. परळला, मुंबईच्या गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात, हाफकिन संस्था आहे. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्या वाल्डेमार हाफकिन यांनी १८९३ पासून भारतात पटकीची लस टोचून पाहिली होती. या संस्थेत निर्मलकुमार दत्ता हे औषधशास्त्रज्ञ पटकीवरची औषधं पारखण्यासाठी एखादा प्राणी शोधत होते. मोठा ससा दाद देत नाही, तर पिल्लू देईल का? १९५५ मध्ये दत्ता आणि हब्बू यांनी दहा दिवसांच्या आसपासच्या सशाच्या पिल्लांच्या आतड्यात जिवाणू सोडून त्यांना खरीखुरी पटकी करून दाखवली. बांधलेल्या वेढ्यात पाणी साठतं एवढंच दिसतं. इथे पिल्लाला जुलाब होत, ते सुकत जाई आणि मरे. मग १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जिवंत जिवाणूंऐवजी त्यांच्यापासून काढलेलं विषारी द्रव पिल्लांच्या पोटात घातलं, आणि तेच जुलाब झाले.

कोलकाता आणि मुंबई, दोन रीती, दोन संघ, एकच वर्ष. दोन्हीकडे महागडी यंत्रं नव्हती. ससे, दोरा, सुई, गाळणी, आणि विष नेमकं कुठे पाहायचं याची समज. दत्ता पुढे अमेरिकेतल्या रिचर्ड फिंकेलस्टाइन यांच्यासह सशाच्या पिल्लांवरच काम करत राहिले. १९६४ च्या निबंधावर दोघांचीही नावं आहेत. त्याच फिंकेलस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोस्पाल्युटो यांच्या साथीने हे विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं.

पुढचं सगळं भराभर उलगडलं. विषाचा एक भाग आतड्याच्या पेशीला धरून ठेवतो, दुसरा आत शिरून पेशीतलं एक कळसूत्र सुरूच्या स्थितीत अडकवून ठेवतो. पेशी क्षार आणि त्यामागोमाग पाणी बाहेर टाकत राहते. अस्तर जागच्या जागी असतं. गुडपाश्चर खरे ठरले. अस्तर शाबूत आहे म्हणजे ते साखर आणि मीठ शोषूही शकतं, याच आधारावर तोंडावाटे पाणी भरून काढण्याचा उपाय उभा राहिला. १९७१ मध्ये बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी तो वापरला, तेव्हा सुमारे ३० टक्क्यांवर असलेलं मरणाचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं.

डे यांच्या वाट्याला मात्र बराच काळ शांतताच आली. साठच्या दशकात जगभर पटकीवर निधी ओतला जात होता, त्यांचं बांधलेलं आतडं प्रयोगशाळा-प्रयोगशाळांत पोचलं होतं, आणि ते स्वतः कोलकात्यात शिकवत, निदानं करत १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्टॉकहोमला पटकी आणि तशाच जुलाबांवर नोबेल परिसंवाद झाला, त्यात त्यांना सन्मानाने बोलावलं गेलं. तिथे त्यांनी सांगितलं की साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून आपण जणू मेलेलोच होतो, या समितीने आपल्याला उकरून वर काढलं. शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचं नाव सुचवलं होतं. ते मिळालं नाही. १९८५ च्या एप्रिलमध्ये डे गेले, तोवर देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिलेलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं. १९९० मध्ये ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला, तेव्हा ही बाब तिथे स्पष्ट शब्दांत नोंदली गेली.

डे यांच्या प्रयोगाचा दुसरा प्रवास त्याहून कमी सांगितला जातो. १९५६ मध्येच त्यांनी, भट्टाचार्य आणि सरकार यांच्यासह, जुलाब झालेल्या माणसांतले कोलाय जिवाणू सशाच्या वेढ्यात सोडून पाहिले होते. कोलाय म्हणजे प्रत्येकाच्या आतड्यात सापडणारा, निरुपद्रवी समजला जाणारा जिवाणू. पण त्याच्या काही जातींनी वेढा फुगवला. इंग्लंडमध्ये जोन टेलर यांनी १९५८ मध्ये हीच रीत उचलली. तिथून ती गोठ्यात आणि डुकरांच्या वाड्यात गेली.

जन्मल्यावर चार-सहा दिवसांत पांढऱ्या-पिवळ्या पातळ हगवणीने वासरं मरतात, हे गुराखी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. डुकरांच्या पिल्लांचं तेच. त्या हगवणीत कोलाय सापडतो हे माहीत होतं. पण निरोगी वासरातही तो असतोच, मग दोष त्याचाच कशावरून? हर्बर्ट विल्यम्स स्मिथ आणि शीला हॉल्स यांनी १९६७ मध्ये डुक्कर, वासरू, कोकरू आणि ससा, चौघांचीही आतडी बांधून पाहिली. आजारी पिल्लांतले जिवाणू डुकराचा वेढा फुगवत, निरोगी पिल्लांतले नाही. डुकराला भोवणारी जात सशाच्या आतड्यात गप्प राहू शकते, हेही दिसलं. ज्याचा रोग, त्याच्याच आतड्याला विचारायचं, ही दृष्टी इथे आणखी धारदार झाली. या कोलायची दोन विषं निघाली: एक तापवल्यावर नष्ट होणारं, दुसरं टिकणारं. पहिलं पटकीच्या विषाचं जवळचं भावंड निघालं, इतकं की एकाच्या प्रतिविषाने दुसरंही निष्प्रभ होतं.

१९७१ मध्ये स्मिथ आणि लिंगूड यांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं. डुकराच्या पिल्लांना आजारी पाडणाऱ्या जिवाणूच्या अंगावर चिकटून बसायचे बारीक तंतू असतात. ते बनवण्याची क्षमता काढून टाकली, पण विष बनवण्याची तशीच ठेवली. पिल्लांना गंभीर आजार होईना. आतड्याला धरून राहता आलं नाही तर विष सोडूनही उपयोग नाही. वासरांच्या जिवाणूवर वेगळ्या जातीचे असे तंतू सापडले. त्यांच्याविरुद्धची लस आता गाभण गायीला आणि डुकरिणीला शेवटच्या आठवड्यांत टोचतात. प्रतिद्रव्यं चिकात उतरतात आणि पिल्लाच्या आतड्यात जिवाणूला अस्तरावर बसूच देत नाहीत. म्हणून चीक पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा. नंतर आतड्यातून प्रतिद्रव्यं शोषली जाण्याचं दार बंद होतं.

सशांचं बांधलेलं आतडं १९७४ नंतर मागे पडत गेलं, कारण त्याच सुमारास पटकीचं विष आणि कोलायमधलं त्याचं भावंड काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर ओळखण्याच्या चाचण्या निघाल्या. एवढ्या सशांचे जीव गेले, त्यातून झालेली ही उशिराची सुटका होती. आणि हगवण लागलेल्या वासराला पशुवैद्य आज तोंडावाटे ग्लुकोज आणि क्षारांचं पाणी देतात, अस्तर शाबूत असल्याने ते पाणी पोटात मुरतं, आणि बरीच वासरं त्यावरच पुन्हा उभी राहतात.